गोर्यो काळातील जडावाची सेलाडॉन भांडी : ऱ्हास नेमका कोणाचा?

आजचा विषय जरा दूरचा आहे. देश कोरिया, आणि काळ आठशे-नऊशे वर्षांपूर्वीचा. पण सुरुवात करू या २००७ सालच्या एका ऑक्टोपसपासून.

दक्षिण कोरियाच्या पश्चिम किनाऱ्यावर तेआन नावाचा भाग आहे. तिथल्या समुद्रात त्या वर्षी मे महिन्यात एका मच्छीमाराच्या हाती एक लहानसा ऑक्टोपस लागला. त्याने एक हिरवट थाळी कवटाळून धरली होती. थाळी जुनी दिसत होती, म्हणून बातमी सरकारी पुरातत्त्व खात्यापर्यंत गेली आणि पाणबुडे खाली उतरले. तळाशी एक लाकडी जहाज गाळात रुतलेलं होतं आणि त्यात एकावर एक रचलेली वीस हजारांहून अधिक भांडी होती. बाराव्या शतकातली. भांड्यांच्या ढिगाखाली एका माणसाची हाडंही निघाली. बहुधा जहाजावरचाच कोणी खलाशी.

या मालाबरोबर लाकडाच्या पातळ पट्ट्या सापडल्या. आज आपण पार्सलवर पत्ता चिकटवतो ना, तशा. एका पट्टीवर लिहिलं होतं की हा माल तामजिनहून राजधानीतल्या इन्सु नावाच्या लष्करी अधिकाऱ्याच्या घरी जायचा आहे. तामजिन म्हणजे आजचं गांगजिन, कोरियाच्या दक्षिण टोकाजवळचा किनारी मुलूख. राजधानी होती गेग्योंग, म्हणजे आज उत्तर कोरियात असलेलं केसोंग शहर.

आता बघा, पट्टीवर पाठवणाऱ्याचं ठिकाण आहे, घेणाऱ्याचं नाव आहे. भांडी बनवणाऱ्याचं नाव मात्र नाही. आज आपण त्या न लिहिलेल्या नावाच्या मागे जाणार आहोत. नाव सापडणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पण शोधता शोधता दुसरं काहीतरी हाती लागेल अशी आशा आहे.

आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, आणि आमच्या दर्शनांमध्ये घटाशिवाय पान हलत नाही. न्यायशास्त्र शिकवताना पहिला दृष्टान्त मडक्याचाच असतो. माती हे समवायी कारण, कुंभार हे निमित्त कारण. फरक असा सांगायचा की माती गेली तर घट गेला. पण घट एकदा तयार झाला की कुंभार असो वा नसो, घटाला काही होत नाही. चाळीस वर्षं हे वाक्य आम्ही फळ्यासमोर उभं राहून बिनदिक्कत सांगितलं. ते जरा तपासून पाहावं असं वाटायला लागलं ते या कोरियन भांड्यांमुळे.

तर आधी ही भांडी काय आहेत ते पाहू.

गोर्यो हे कोरियातल्या एका राजवटीचं नाव. इ.स. ९१८ ते १३९२ हा तिचा काळ. 'कोरिया' हे आज जगात रूढ असलेलं नावही या गोर्योवरूनच आलेलं आहे. सेलाडॉन म्हणजे निळसर-हिरव्या झिलईची, कडक भाजलेली भांडी. मूळ विद्या चीनची. गोर्योच्या कारागिरांनी ती घेतली आणि दीड-दोनशे वर्षांत अशी मुरवली की चिनी लोकच तिचं कौतुक करू लागले. ११२३ साली चीनच्या सोंग सम्राटाचं एक शिष्टमंडळ गोर्योच्या राजधानीत आलं होतं. त्यात शू जिंग नावाचा अधिकारी होता. परत गेल्यावर त्याने पाहिलेल्या देशाचं तपशीलवार वर्णन लिहिलं. त्यात तो सांगतो की इथले लोक आपल्या भांड्यांच्या हिरव्या रंगाला 'बिसेक' म्हणतात. या नावातलं अक्षर खंड्या पक्ष्याशी आणि जेड या हिरव्या रत्नाशी जोडलेलं आहे. सोंग काळातल्या आणखी एका चिनी लेखकाने जगात उत्तम काय काय आहे याची यादी केली, तिच्यातही गोर्योचा हा रंग आहे. ज्यांच्याकडून विद्या घेतली त्यांनीच पहिला नंबर द्यावा, याहून मोठी पावती कोणती?

हा रंग येतो कुठून? लोहातून. राख आणि माती कालवून केलेल्या झिलईत लोहाचा अंश असतो, शंभरात एक ते तीन भाग. भट्टीत भरपूर हवा खेळत राहिली तर हेच लोह पिवळा किंवा तपकिरी रंग देतं. म्हणून भट्टी पुरेशी तापली की कारागीर हवेची वाट बंद करत आणतात. आगीला तर ऑक्सिजन हवाच असतो. तो बाहेरून मिळेनासा झाला की ती झिलईतल्या लोहाचा ऑक्सिजन ओढून घेते. रसायनशास्त्रात याला क्षपण म्हणतात. मग तेच लोह निळसर हिरवं दिसू लागतं. हे सगळं सुमारे बाराशे अंश तापमानाला चालतं, आणि त्या काळात तापमान मोजायचं यंत्र म्हणजे माणसाचे डोळे. ज्वाळेचा रंग पाहायचा आणि ठरवायचं. थोडं चुकलं की महिन्यांची मेहनत पिवळी पडली. यी ग्यू-बो नावाचा त्या काळचा मोठा कवी होऊन गेला, ११६८ ते १२४१. एका हिरव्या पेल्यावर लिहिताना तो सरपणासाठी उघड्या पडलेल्या डोंगराची आठवण ठेवतो, आणि दहा पेल्यांतून एखादाच निवडला जातो हेही नोंदवतो. दरबारी माणूस, पण पेल्यामागचा धूर त्याला दिसला होता.

आता जडावकामाकडे येऊ. कोरियन भाषेत याला 'सांगगाम' म्हणतात. बिदरी कामाची डबी ज्यांनी हातात घेतली असेल त्यांना लगेच समजेल. तिथे धातूवर रेघ कोरून तिच्यात चांदी ठोकून बसवतात. गोर्योमध्येही काशाच्या भांड्यांत चांदीची तार बसवायची, लाखेच्या पेट्यांत शिंपले बसवायचे, ही कामं चालत होतीच. कुंभारांनी तीच कल्पना मातीत आणली. भांडं चाकावरून उतरवायचं, अर्धवट सुकू द्यायचं. इतकं की दाबलं तर दबणार नाही, पण टोकदार हत्याराने कोरता येईल. मग त्यावर बगळा, ढग, वाळुंज, शेवंती, जे काय असेल ते कोरायचं. कोरलेल्या खाचेत एका ठिकाणी पांढरी माती भरायची, दुसऱ्या ठिकाणी लोहयुक्त तांबडी. वरचा जादा थर खरवडून काढायचा. एकदा हलकं भाजायचं, मग झिलई चढवायची आणि पुन्हा कडक भाजायचं. तांबडी माती काळी होऊन बाहेर येते, पांढरी पांढरीच राहते, आणि दोन्ही हिरव्या पाण्याखाली असल्यासारख्या दिसतात.

यात एक मेख आहे. झिलई दाट आणि दुधाळ असेल तर खालचं काही दिसणारच नाही. चीनमधल्या रू भट्टीच्या सुप्रसिद्ध भांड्यांची झिलई तशी आहे, तिचं सौंदर्य तिच्या दाटपणातच आहे. गोर्योच्या कारागिरांनी झिलई पातळ आणि आरपार दिसणारी केली. म्हणजे वरचा थर मागे सरला, तेव्हा खालचं काम पुढे आलं.

हे केव्हा घडलं? विसाव्या शतकातल्या अभ्यासकांनी एक नेटका तर्क मांडला होता. शू जिंग ११२३ साली आला, त्याने भांड्यांचं वर्णन केलं, पण जडावाबद्दल अवाक्षर काढलं नाही. राजा इन्जोंग ११४६ साली वारला. त्याच्या थडग्यातून मिळालेली भांडी देखणी आहेत, पण जडाव नाही. मुन गोंग-यु नावाचा अधिकारी ११५९ साली वारला. त्याच्या थडग्यातल्या वाडग्यावर मात्र जडावाची पक्की वेलबुट्टी आहे. म्हणजे सुरुवात या मधल्या काळातली. पुढे भट्ट्यांच्या जागा खणल्या गेल्या तेव्हा याहून जुने, साधे नमुने निघाले. पण ही कला भरात आली ती बाराव्या शतकाच्या मध्यानंतर आणि तेराव्या शतकात, हे आजही सर्वमान्य आहे.

आता मंडळी, हा भराचा काळ देशासाठी कसा होता ते पाहा. राजा उइजोंगने ११५७ साली राजधानीत उद्यानं आणि मंडप उभारले. राजवटीच्या अधिकृत इतिहासात नोंद आहे की त्यासाठी लोकांची पन्नासहून अधिक घरं पाडली गेली, आणि एका मंडपाच्या छपरावर सेलाडॉनची कौलं घातली गेली. पुष्कळ दिवस ही अतिशयोक्ती वाटत होती. पण गांगजिनच्या भट्ट्यांच्या ढिगाऱ्यात खरोखरच तशा कौलांचे तुकडे मिळाले. ज्याचा पेला दहात एक निवडावा लागतो, त्याचं छप्पर! पुढे ११७० साली लष्करी अधिकाऱ्यांनी बंड केलं, उइजोंगला गादीवरून काढलं आणि तीन वर्षांनी ठार मारलं. त्यानंतर शंभर वर्षं सत्ता सेनानींच्या हातात राहिली. त्यातच १२३१ पासून मंगोल स्वाऱ्या सुरू झाल्या; दरबार १२३२ साली गांग्हवा बेटावर पळाला तो १२७० लाच परतला. संथ पाण्यावर बदकं आणि वाऱ्यावर डोलणारी वाळुंजं कोरलेली ती शांत भांडी या धामधुमीतली आहेत.

आणि ती बनवणारे कोण होते? गोर्योच्या राज्यात काही वस्त्यांना 'सो' असा दर्जा होता. सोने, लोखंड, कागद, मीठ, चिनीमातीची भांडी अशा वस्तू सरकारला पुरवणं हे या वस्त्यांचं काम. गांगजिनच्या परिसरात अशा कुंभारांच्या वस्त्या होत्या. तिथे आजवर सुमारे १८० भट्ट्यांच्या जागा सापडल्या आहेत. सो-मधल्या माणसांचा दर्जा साध्या शेतकऱ्यापेक्षा खालचा. वस्ती सोडून दुसरीकडे जायची मोकळीक नाही, काम बापाकडून मुलाकडे. आपण ज्याला आज 'परंपरागत कौशल्य' असं कौतुकाने म्हणतो, त्याची दुसरी बाजू ही.

हे त्यांनी निमूट सोसलं असंही नाही. ११७६ साली गोंगजूजवळच्या म्यॉंगहाक नावाच्या सो-मध्ये मांगी आणि मांगसोई या दोघांच्या पुढाकाराने लोक उठले. ती काही कुंभारांची वस्ती म्हणून प्रसिद्ध नाही, पण दर्जा तोच, जाच तोच. सरकार इतकं हादरलं की त्या वस्तीचा 'सो' हा दर्जा काढून तिला रीतसर परगण्याचा मान दिला. मग फौज पाठवली. पुढच्या वर्षी बंड मोडलं. इथे आपल्याला बंडखोरांची नावं मिळतात, कारण ती शिक्षेच्या कागदात येतात. ज्यांनी बंड केलं नाही, निमूटपणे बगळे कोरत राहिले, त्यांची नावं कुठल्याच कागदात नाहीत.

तेआनच्याच समुद्रात पुढे आणखी जहाजं सापडली. त्यांतल्या साधारण इ.स. १२०० च्या सुमाराच्या एका जहाजात 'मेब्योंग' म्हणतात त्या प्रकारच्या दोन बरण्या मिळाल्या. रुंद खांदे, बारीक तोंड, खाली निमुळतं अंग. संग्रहालयांत वर्षानुवर्षं या आकाराला फुलदाणी किंवा मद्याची सुरई समजत आले होते. या दोन बरण्यांच्या मानेला लाकडी पट्ट्या होत्या. एकीत मध होता, दुसरीत तिळाचं तेल. मधाची बरणी राजधानीतल्या ओ मुन-बु नावाच्या अधिकाऱ्याच्या घरी निघाली होती. गंमत बघा, ज्या वस्तूसमोर आपण काचेबाहेर उभं राहून श्वास रोखतो, ती कोणाच्या तरी कोठीतली मधाची बरणी होती! यामुळे तिचं मोल कमी होत नाही, उलट ती माणसात येते. पण इथेही पट्टीवर नाव आहे ते मध खाणाऱ्याचं.

आता शेवटाकडे. चौदाव्या शतकात, विशेषतः १३५० नंतर, जपानी चाच्यांनी कोरियाचा दक्षिण किनारा उद्ध्वस्त करायला सुरुवात केली. समुद्रमार्गे माल नेणं अशक्य झालं. दरबाराची पकड सुटली. गांगजिनच्या भट्ट्या विझल्या आणि कुंभार देशाच्या आतल्या भागात पांगले. कलेच्या इतिहासाची पुस्तकं इथे एकच शब्द वापरतात : ऱ्हास. आणि तो शब्द खोटा नाही. रंग करपट झाला, हाताने कोरायच्या जागी ठसे मारू लागले, बगळ्यांचे पाय आणि मान एकमेकांत मिसळली.

पण हा ऱ्हास कोणाच्या डोळ्यांनी पाहिलेला आहे? राजवाड्याच्या. भट्टीजवळ उभं राहून पाहिलं तर काय दिसेल? ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या गाव सोडायची मुभा नव्हती, ती माणसं चालू लागली होती. भीतीने असेल, उपासमारीने असेल. तिला मुक्ती म्हणायची घाई आपण करू नये. चाच्यांच्या धाडीला कोणी स्वातंत्र्याचा सण म्हणत नाही. पण ही माणसं जिथे गेली तिथे त्यांनी नवी भट्टी लावली, आणि त्यातून पंधराव्या शतकात 'बुनचॉंग' नावाची भांडी आली. तीच करडी माती, तेच ठसे, वर पांढऱ्या मातीचा सढळ हात. कुठे ब्रशचे फटकारे, कुठे रेघोट्यांचा मासा. त्यात बिसेकची शिस्त नाही, पण एक मोकळा श्वास आहे. 'बुनचॉंग' हे नावही त्या कुंभारांचं नव्हे. ज्या मूळ लांब नावाचा हा संक्षेप आहे ते विसाव्या शतकात केसोंगच्या संग्रहालयाचे प्रमुख को यू-सॉप यांनी दिलं.

या सगळ्यात बिसेक आणि जडाव मात्र पूर्ण विसरले गेले. नंतरच्या जोसॉन राजवटीत पांढऱ्या भांड्यांना मान होता. गोर्योची उत्तम भांडी मालकांबरोबर थडग्यांत गेली होती, आणि थडगी उकरणं हे पाप. विसाव्या शतकाच्या आरंभी जपानचा अंमल बसू लागला तसे चोर केसोंगभोवतीच्या थडग्यांत शिरले आणि भांडी बाजारात आली. जपानचे मोठे मुत्सद्दी इतो हिरोबुमी त्यांचे बडे गिऱ्हाईक होते. त्या काळातल्या एका जपानी माणसाच्या आठवणीत असा प्रसंग आहे की इतोंनी ही भांडी कोरियाचे राजे गोजोंग यांना दाखवली. राजांनी विचारलं, ही कुठली? उत्तर मिळालं, आपल्याच देशातली, गोर्यो काळातली. राजे म्हणाले, अशी वस्तू या देशात नाही. आणि इतोंना पुढे बोलता येईना, कारण ती आली कुठून हे सांगायची सोय नव्हती.

मंडळी, या प्रसंगापाशी आम्ही पुष्कळ वेळ थांबलो होतो. भांडं शाबूत आहे. झिलई शाबूत, बगळे शाबूत. आणि ज्या देशाच्या मातीतून ते घडलं त्या देशाचा राजा म्हणतो, हे आमचं नव्हे! न्यायशास्त्र सांगतं की कुंभार गेला तरी घट राहतो. एका घटापुरतं ते खरं आहे. पण कलेचं काय? कला म्हणजे एक घट नव्हे, पुढचा घट करता येणं म्हणजे कला. तिथे कुंभार नुसतं निमित्त नसतो. रोजच्या मराठीत 'निमित्त' म्हणजे तर केवळ बहाणा. ज्यांना आपण बहाणा समजून पट्टीवरून वगळलं, ती माणसं पांगली तेव्हा वस्तू मागे राहिली आणि ओळख गेली.

ती ओळख परत कशी आली, ते थोडक्यात सांगून थांबू. जॉन ह्यॉंग-पिल नावाचे एक धनिक होते, 'कानसोंग' हे त्यांचं उपनाव. कोरियाच्या वस्तू देशाबाहेर जाऊ नयेत म्हणून त्यांनी घरची दौलत खर्ची घातली. १९३५ साली त्यांनी एका जपानी व्यापाऱ्याकडून ढग-बगळ्यांची एक मेब्योंग वीस हजार वॉनला घेतली. एवढ्या पैशात सोलमध्ये चांगल्या घरांची अख्खी ओळ आली असती. ही बरणी सुमारे ४२ सेंटीमीटर उंच आहे. अंगभर दुहेरी वर्तुळं आहेत. वर्तुळांतले बगळे वर उडतायत, वर्तुळांबाहेरचे खाली. आज ती कोरियाची राष्ट्रीय ठेव आहे. १९६५ च्या कोरिया-जपान करारानंतर जपानने काही वस्तू परत केल्या, त्यांत इतोंनी नेलेली काही सेलाडॉन भांडीही आली.

पण वस्तू परत आणणं एक आणि विद्या परत आणणं वेगळं. ते केलं यू गुन-ह्यॉंग यांच्यासारख्या कुंभारांनी. १८९४ चा जन्म, १९९३ चा मृत्यू. जवळजवळ अख्खं आयुष्य त्यांनी या एका रंगामागे घालवलं. सांगायला कोणी गुरू उरला नव्हता. जुन्या भट्ट्यांच्या जागी पडलेली खापरं, ठिकठिकाणची माती, आणि पुन्हा पुन्हा फसलेली भाजणी, एवढंच हाताशी. पाचशे वर्षांपूर्वी तुटलेला दोर त्यांना उकिरड्यावरच्या खापरांपासून वळावा लागला. विचार करा, ज्यांची नावं कोणी लिहिली नाहीत त्यांनीच फेकून दिलेले तुकडे शेवटी गुरू झाले. थडग्यातल्या निवडक भांड्याने जे सांगितलं नाही, ते दहातल्या नऊ फसलेल्या पेल्यांनी सांगितलं. भट्टी कुठे जास्त तापली, हवा कधी आत शिरली, माती कुठे तडकली, हे सगळं त्या खापरांत आहे.

तेव्हा यापुढे कुठल्याही संग्रहालयात अशा हिरव्या भांड्यासमोर उभे राहाल, तेव्हा एक करा. चिठ्ठी वाचा : राजवट, शतक, प्रकार, मापं. ती आठशे वर्षांपूर्वीच्या लाकडी पट्टीसारखीच असेल, कारागिराचं नाव नसेल. मग झिलईच्या खाली पाहा. एखाद्या ढगाची कड जरा जास्त खोल गेलेली असेल, एखाद्या बगळ्याचा डोळा किंचित सरकलेला. तिथे कोणाचा तरी हात थांबला होता. त्याला आपण नाव देऊ शकत नाही. त्याला 'निमित्त' म्हणणं मात्र थांबवू शकतो. वर्गात तो दृष्टान्त आता द्यायची वेळ आली, तर आम्ही घटाबरोबर कुंभारालाही थोडा वेळ देऊ.

आज इथेच थांबू. प्रश्न असतील तर जरूर विचारा. नमस्कार.